वाढवलेली लाईन

आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या तांबं ठोकलं गेलं. मी ते खांबावर ताणलं. नाशिकच्या तांबट आळीत ठोक्यांच्या आवाजात पोर झोपतं आणि ठोके थांबले की दचकून उठतं, अशा घरातला मी. विसाव्या वर्षी वडलांना सांगितलं की विजेच्या कंपनीत लागतोय. त्यांनी हातोडी काही खाली ठेवली नाही. ठोकता ठोकताच म्हणाले, "जा. तिथेही तांबंच आहे, फक्त ते चावतं." माझ्या नोकरीला मिळालेला आशीर्वाद तो एवढाच.

या अंकाच्या संपादकांचं पत्र आलं की नोकरीतले अनुभव लिहा, पण सामान्य वाचकाला समजतील असे लिहा. आता वीजवाल्याकडे न समजण्यासारखं काय असतं हो? लाईट गेली की पहिली शिवी आम्हाला आणि लाईट आली की हात जोडायचे देवाला. मी कधी लागलो, कधी इन्स्पेक्टर झालो, कोणत्या साहेबाने पाठ थोपटली, हे काही सांगणार नाही. ते ऐकायला माझी बायकोही तयार नसते. एका शब्दाची गोष्ट मात्र सांगायची आहे. ती आजवर कुठे लिहिली नाही, कारण तिच्यात चूक माझी आहे.

गोष्ट चाळीस सालाच्या अलीकडची. धरणावरून मैलोन्‌मैल चालत आलेली वीज तेव्हा नाशिकने पाहिली नव्हती. गावाबाहेर पत्र्याचं एक पॉवरहाऊस, त्यात तेलावर चालणारी दोन इंजिनं. एक खोकायला लागलं की दुसरं सुरू करायचं. तिथून तारांचे तीन फाटे निघायचे. एक गावात, एक नदीपल्याड पंचवटीत आणि एक लांबलचक नाशिकरोडकडे. एवढं आमचं राज्य. आज एकीकडची वीज गेली तर दुसरीकडून वळवून देतात. आम्हाला वळवून घ्यायला दुसरीकडे काही नव्हतंच. तार तुटली की पलीकडचं सगळं अंधारात, आणि दवाखान्यातून कंदिलाला माणूस सुटायचा. पण छाती ठोकून सांगतो, आमच्या हाताखालच्या लाईनी एका रात्रीपेक्षा जास्त कधी झोपल्या नाहीत.

या राज्याला शत्रू पुष्कळ. संक्रांतीला पोरं पतंग उडवायची आणि ओला मांजा दोन तारांवर पडला की फाट्ट. गलोलवाले तर बारमाही. खांबावरचे चिनी मातीचे पांढरे कप, ज्यांच्यावर तार बसवलेली असते, ते त्यांना नेमासाठीच टांगलेत असं वाटायचं. आणि चोर होते. नाशिकरोडच्या फाट्यावर एकदा वादळाने दोन खांब पाडले. आम्ही सकाळी दुरुस्तीला गेलो तर खांब जागेवर आणि तार गायब. साहेब म्हणाले, पोलिसात कळवा. मी म्हटलं, कळवा खुशाल, पण मला एक दिवस द्या. तांबं चोरलं तर ते जाणार कुठे? नाशकात तांबं शेवटी आमच्याच आळीत येतं.

संध्याकाळी काकांच्या दुकानात गेलो. काका म्हणाले, "ये, तुझं लेकरू आलंय आमच्याकडे." लाईनची तार ओढून कडक केलेली असते. तिचा आवाज भांड्याच्या तांब्यासारखा गोल येत नाही, खणखणीत येतो. काकांनी पहिल्याच ठोक्याला ओळखलं होतं. अर्धी तार भट्टीत गेली होती आणि तिचं एक ताम्हन होऊनही बसलं होतं. ते ताम्हन मी साहेबांच्या टेबलावर ठेवलं आणि म्हटलं, ही आपली नाशिकरोडची लाईन, संध्या करायला हरकत नाही. साहेब हसले नाहीत. पण चोर सापडला, आणि पुढे आमच्या आळीत लाईनची तार कोणी घेईनासं झालं.

सगळ्यात मोठा शत्रू मात्र वारा. बाहेरच्या माणसाला वाटतं की वाऱ्याने तार तुटते. तसं नसतं. वाऱ्याने झाड मोडतं आणि झाड तारेवर येतं. म्हणून फाल्गुन सरत आला की मी दोन माणसं आणि कोयते घेऊन तारेवर आलेल्या फांद्या छाटत गावभर फिरायचो. चैत्र-वैशाखात आमच्याकडे वळीव येतो तो एकटा येत नाही, गारा घेऊन येतो. पिंपळगावकडचे द्राक्षवाले तेव्हा आभाळाकडे बघत बसायचे आणि आम्ही झाडांकडे. फांदी छाटणं दिसायला सोपं, पण प्रत्येक फांदीला एक मालक आणि प्रत्येक मालकाला एक कारण. उंबराची फांदी तोडताना एका म्हाताऱ्याने मला हटकलं, दत्ताचं झाड आहे, तोडणाऱ्याचं नाव काय? मी म्हटलं, दत्तात्रय. त्याने कपाळावर हात मारून घेतला आणि आत निघून गेला.

आता माझ्या माणसांविषयी सांगतो. दोनच आहेत, घोळ होणार नाही.

एक कासिमभाई. कोकणीपुऱ्यातले, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे, आमचे हेड लाइनमन. खांबावर चढताना त्यांच्याकडे बघत राहावं. घाई नाही, धसमुसळेपणा नाही, जिना चढावा तसे चढायचे. मला त्यांनीच शिकवलं. तारेला हात लावण्याआधी एक टोक जमिनीत रोवलेली साखळी तारेवर टाकायची. चुकून वीज असलीच तर भडका तिथे होतो, फ्यूज उडतो, माणूस वाचतो. आणि साखळी टाकूनही पहिला हात लावायचा तो उलटा, बोटांच्या पाठीने. वीज लागली की मूठ आवळते. तळहात असेल तर मूठ तारेभोवतीच आवळेल आणि सुटणार नाही. उलटा असेल तर हात आपोआप मागे येतो. आज कोणी असा हात लावून तपासू लागला तर मी त्याला त्याच पावली घरी पाठवीन. पण तेव्हा आमच्याजवळ दुसरं काही नव्हतं.

दुसरे आमचे भटजी. नाव विनायकराव, पण सगळे भटजीच म्हणत. पंचवटीतलं पुजाऱ्याचं घराणं. यांना मात्र यजमानांपुढे हात पसरायचा कंटाळा आला आणि ते पॉवरहाऊसात बोर्डावर बसू लागले. बोर्ड म्हणजे भिंतीएवढी काळी फरशी, तिच्यावर तीन फाट्यांचे तीन मोठे खटके आणि विजेचा जोर कमीजास्त करायचं एक चाक. कोणता फाटा चालू, कोणता बंद, ते बोर्डवाल्याच्या हातात. भटजी अंघोळ करून सोवळ्यात नसले तरी सोवळ्याच्या बेताने यायचे आणि गुरुवारी बोर्डाला फूल वाहायचे. साहेबांनी एकदा विचारलं, हे काय? भटजी म्हणाले, "साहेब, तुम्ही याला विमा म्हणा."

या भटजींची एक खोड होती. दिवा 'विझला', 'मालवला', 'बंद केला' असं त्यांच्या तोंडून कधी येत नसे. दिव्याच्या बाबतीत अभद्र बोलायचं नाही, हे त्यांच्या घरचं वळण. नारळ आपण फोडत नाही, वाढवतो. बांगडी फुटत नाही, वाढते. तसा त्यांच्याकडे दिवाही वाढवत. मग विजेचा तरी वेगळा का? लाईन बंद करायची झाली की भटजी फोनवर म्हणायचे, "पंचवटी वाढवली हो." कंपनीचा स्वतःचा फोन होता, पॉवरहाऊस ते पंचवटीतली आमची चौकी. आम्ही चौकीतून सांगायचो, "भटजी, पंचवटी वाढवा." पलीकडून उत्तर यायचं, "वाढवली." मग कासिमभाई चढायचे.

मी नवा होतो तेव्हा चक्रावलो होतो. कासिमभाई चक्रावले नव्हते. ते म्हणाले, "यात काय आहे? माझी आई पण म्हणायची, चिराग बढ़ा दे. घरातला दिवा आहे, त्याला मर कसं म्हणायचं?" या भटाचं आणि या मुसलमानाचं एरवी कशावर जमायचं नाही. चहा कडक की पातळ यावरही नाही. या शब्दावर मात्र दोघांचं एकमत. आठ-नऊ वर्षं त्या शब्दावर आमची कामं बिनघोर चालली. माझ्याही जिभेला तो बसला.

त्या साली चैत्रात पंचवटीच्या रस्त्यावर एका वळणाला वकीलसाहेबांच्या आवारातला आंबा तारेवर आला होता. चांगली मांडीएवढी फांदी. मी कोयतेवाल्यांना घेऊन गेलो तर वकिलीणबाई दारात.

"दत्तोबा, आत्ता नाही हं. चैत्रगौरीचं हळदीकुंकू आहे माझ्याकडे. शंभर बायकांची डाळ नि पन्हं व्हायचंय. कैऱ्या उतरवते, मग तुमची फांदी तुम्ही न्या."

"कधी उतरवता?"

"एकादशी झाली की. रथाच्या गडबडीत माणसं कुठून आणू मी?"

"वारा सुटला तर?"

"अहो, इतकी वर्षं नाही पडली ती आठ दिवसांत पडणार आहे का?" असं म्हणून त्यांनी आतून पन्ह्याचा पेला आणवला. वेलदोडा घातलेलं, थंडगार. मी पन्हं प्यालो आणि फांदी राहिली.

चैत्रातल्या एकादशीला पंचवटीत रामाचा रथ निघतो हे नाशिककराला सांगायला नको. बाहेरच्यांसाठी सांगतो. रथ उंच, लाकडी, आणि तो ओढतात तालमीतले पहिलवान, जाड दोरांनी. रस्ताभर माणूस. त्या दिवशी आमचं काम म्हणजे रथापुढे राहायचं आणि रस्त्यावरच्या तारा उंच आहेत ना, कुठे लोंबत नाहीत ना, ते बघायचं. त्या वर्षी रथापुढे आरतीचं तबक धरण्याचा मान फिरत फिरत भटजींच्या घरी आला होता. त्यामुळे भटजी रजेवर. बोर्डावर सबनीस म्हणून नवा माणूस, मुंबईहून आलेला, तिसराच आठवडा. हुशार होता, परीक्षा पास झालेला. मी सकाळी त्याला सगळं समजावून आलो. इंजिनं समजावली, खटके समजावले, फोनची घंटी कशी वाजते तेही सांगितलं. एक गोष्ट सांगायची राहिली, आणि ती राहिली हे मला ठाऊकच नव्हतं.

दिवेलागणीला पश्चिमेकडून धूळ उठली. मग वारा आणि दहा मिनिटं गारा, सुपारीएवढ्या. लोक पागोळ्यांखाली, ओट्यांवर, देवळांच्या आडोशाला. रथ मागे कुठेतरी थांबला होता. गारा थांबल्या, बारीक पाऊस राहिला, आणि लोक पुन्हा रस्त्यावर आले. मी आणि कासिमभाई वळणाशी पोचलो तर वकीलसाहेबांची फांदी तारेवर आडवी. खाली कैऱ्यांचा सडा, पोरं वेचताहेत. खांबावरचे कप फुटून एक तार सुटली होती आणि फांदीच्या खालून रस्त्यावर झोका खात होती. तुटलेली नव्हती. म्हणजे जिवंत. साध्या माणसाचा हात पोचणार नाही, पण रथाचा कळस सहज लागेल इतकी खाली. आणि रथाला भिजलेले दोर, दोरांना शेदोनशे माणसं, अनवाणी, ओल्या रस्त्यावर.

एक दांडगा पहिलवान पुढे धावत आला. "दत्तूभाऊ, रथ निघालाय."

"थांबवा जरा."

"निघालेला रथ मागं घेत नसतो. तुमचं लवकर आवरा."

मी चौकीकडे पळालो. चाळीस पावलं. फोन फिरवला. पलीकडे सबनीस.

"पंचवटी वाढवा, लगेच."

"किती?"

हा 'किती' मी ऐकला. आजही ऐकू येतो. इतक्या वर्षांत भटजींनी कधी 'किती' विचारलं नव्हतं. पण बाहेर ताशा-नगारे, पोरांचा गलका, मला वाटलं किती वेळ असं विचारतोय. मी म्हटलं, "पूर्ण वाढवा. मी सांगेपर्यंत." पलीकडून उत्तर आलं, "वाढवली."

मी चौकीच्या दारातूनच ओरडून सांगितलं, "कासिमभाई, वाढवली."

खांब भर गर्दीत होता. कासिमभाईंनी साखळी हातात घेतली आणि खाली पाहिलं. खांबाच्या बुडाशी माणसं चिकटून उभी, ओली, बायका-पोरं. साखळी टाकली आणि चुकून वीज असली तर ती या माणसांच्या पायांत उतरणार. हटा म्हटलं तर हटायला जागा नाही. त्यांनी साखळी खाली ठेवली, माझ्याकडे एकदा पाहिलं, मी हात वर केला, आणि ते चढले. साखळीशिवाय त्यांना चढताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. माझ्या शब्दावर चढले.

वर जाऊन त्यांनी कमरेचा पट्टा खांबाभोवती बांधला आणि उजवा हात उलटा करून तारेकडे नेला. तेवढ्यात वाऱ्याने तार उसळली. त्यांची दोन बोटं तार आणि लोखंडी आडवी पट्टी यांच्यामध्ये सापडली. निळा भडका झाला, फटाका फुटावा तसा आवाज झाला आणि त्या रस्त्याचे अर्धे दिवे गेले. कासिमभाई पट्ट्यावर मागे लोंबकळले. एक फ्यूज उडाला होता म्हणून ते अजून जिवंत होते. पण खांबावर तारा तीन असतात. बाकीच्या दोन त्यांच्या खांद्यापासून वीतभर अंतरावर होत्या, आणि वाऱ्याने ते झुलत होते.

मी फोनवर गेलो तो कसा गेलो, आठवत नाही.

"बंद करा. पंचवटी बंद करा. खटका काढा."

"अहो, मघाशी तुम्हीच वाढवा म्हणालात ना? संध्याकाळपासून दुकानदारांचे निरोप येताहेत, दिवे मिणमिणताहेत, वाढवा. मी चाक पूर्ण फिरवलंय."

"सबनीस, खटका काढा. माणूस वर आहे."

फोनमधून खटक्याचा आवाज आला, आणि दारातून पाहिलं तर सगळी पंचवटी काळी. मी काय केलंय ते मला तेव्हा कळलं. लाईन बंद करा म्हणून मी सांगितलं होतं आणि त्याने प्रामाणिकपणे विजेचा जोर वाढवला होता. मराठीत दोघंही बरोबर बोलत होतो.

मी वर चढलो. कासिमभाई शुद्धीवर होते. माझ्या कानाशी म्हणाले, "लाईन आधी बांध. रथ येतोय." मी म्हटलं, रथ गेला खड्ड्यात. एकादशीच्या दिवशी, रामाच्या रथाला हे मी बोललो, आणि त्याचं मला आजही काही वाटत नाही. खालून दोन पहिलवान शिडीवर आले, आम्ही दोर बांधून कासिमभाईंना अलगद खाली सोडलं. कुणीतरी टांगा आणला होता. हात कुणाच्यातरी उपरण्यात गुंडाळलेला. मी टांग्यात चढायला निघालो तर त्यांनी डाव्या हाताने मला मागे लोटलं.

मग मी परत वर गेलो आणि तार बांधली. साखळी टाकली, कारण आता गर्दी स्वतःहून दहा हात मागे सरकली होती. गाठ तीनदा सुटली. रथ अंधारातच, मशालींच्या उजेडात, त्या तारेखालून गेला. कळस आणि तार यांच्यात हातभर अंतर राहिलं. रथापुढे तबक घेऊन भटजी होते. त्यांनी वर पाहिलं, मला पाहिलं, कासिमभाई दिसेनात म्हणून इकडेतिकडे पाहिलं. कुणीतरी त्यांच्या कानात सांगितलं असावं. तबक भावाच्या हाती देऊन ते तिथूनच दवाखान्यात गेले. पिढ्यांनी एकदा येणारा मान त्यांनी अर्ध्या रस्त्यात सोडला.

कासिमभाईंची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं. जीव वाचला. डॉक्टर म्हणाले, हात उलटा होता म्हणून वाचले.

साहेबांनी चौकशी केली. सबनीस बिचारा पांढराफटक पडून उभा, नोकरी गेलीच असं धरून. मी सांगितलं, चूक याची नाही. तीन आठवडे झालेल्या माणसाला आमची घरगुती भाषा कोण शिकवणार होतं? मीच. आणि फांदीचंही सांगितलं, पन्ह्यासकट. साहेब मराठी नव्हते. त्यांना 'वाढवा'चा अर्थ समजावून सांगायला पाऊण तास लागला. शेवटी ते म्हणाले, "म्हणजे तुम्ही लोक इतकी वर्षं 'जास्त करा' म्हणून बंद करत होतात?" मी म्हटलं, होय साहेब. त्यांनी डोकं धरलं. मला ताकीद मिळाली, सबनीसला काही झालं नाही, आणि नियम निघाला. फोनवर फक्त दोन शब्द. 'चालू' आणि 'बंद'. सांगणाऱ्याने तीनदा म्हणायचं, ऐकणाऱ्याने तीनदा परत म्हणायचं.

नियमाचा कागद बोर्डाशेजारी लावला तेव्हा भटजी तिथे उभे होते. मला वाटलं, आता हे नोकरी सोडणार. पाळण्यापासूनचं वळण, एका कागदाने कसं मोडेल? दुसऱ्या दिवशी मी चौकीतून फोन केला. पलीकडून भटजींचा आवाज आला, आरती म्हणावी तसा स्पष्ट. "पंचवटी बंद. बंद. बंद. ऐकलंस ना दत्तू? परत म्हण." मी परत म्हटलं. मग हळूच म्हणाले, "माणूस वाढण्यापेक्षा दिवा मेलेला बरा."

कासिमभाई दवाखान्यातून घरी आले. मी रोज जायचो आणि रोज माफी मागायचं ठरवून जायचो. त्यांच्या बायकोने केलेला चहा पिऊन परत यायचो. एकदा धीर करून म्हटलं, "कासिमभाई, तुम्हाला मी वर पाठवलं." ते म्हणाले, "कंपनीने पाठवलं. तू फक्त ओरडलास." विषय बंद. साहेब त्यांना स्टोअरमध्ये बसवायला निघाले होते. बसून पगार. ते म्हणाले, तीन बोटांनी जो खांब चढता येत नाही तो दाखवा, मग बसतो. पण माझ्या मनात खांबाचा प्रश्नच नव्हता. तो माणूस माझ्या शब्दावर पुन्हा चढेल का, एवढाच प्रश्न होता. आमच्या धंद्यात बाकी सगळं दुरुस्त होतं. तार जोडता येते, खांब उभा करता येतो. खालच्याच्या शब्दावरून वरच्याचा विश्वास एकदा उडाला की त्या दोघांना परत एका खांबावर पाठवू नये, कितीही कसबी असले तरी. हा नियम कुठल्या कागदावर नाही, पण चांगले इन्स्पेक्टर तो पाळतात. मी इन्स्पेक्टर असतो तर मीच आमची जोडी मोडली असती.

म्हणून मी मनाशी ठरवलं. यापुढे निरोप ज्याच्या तोंडचा, पहिला हात त्याचा. मी लाईन बंद आहे म्हणून सांगितलं तर आधी मीच चढायचं, मीच हात लावायचा, मग दुसऱ्याने यायचं. पुढे माझ्या हाताखाली जितकी माणसं तयार झाली त्यांना मी हेच शिकवलं, आणि त्यांतला एकही विजेने मेला नाही. हे मात्र मी छाती काढून सांगतो.

श्रावणात कासिमभाई कामावर आले. पहिलंच काम पंचवटीत, त्याच रस्त्यावर, त्या वळणाच्या अलीकडे एक खांब सोडून. भर दुपार, रस्ता मोकळा. मी चौकीत गेलो, भटजींशी तीनदा बोललो, तीनदा ऐकलं, परत आलो.

"काय म्हणाले?" कासिमभाईंनी विचारलं.

"बंद. तीनदा."

त्यांनी मान हलवली आणि साखळी घ्यायला वळले. तेवढ्यात मी शिडीवर पाय ठेवला. दोन पायऱ्या चढलो असेन. मागून सदऱ्याला हिसका बसला. कासिमभाईंनी माझी कॉलर धरली होती, उरलेल्या तीन बोटांनी, आणि पकड तीच होती.

"कुठे चाललास?"

"मी सांगितलंय बंद म्हणून. आधी मी हात लावतो."

त्यांनी मला खाली ओढलं. रागावले नव्हते, पण आवाज चढला होता. "म्हणजे तुझ्या बोलण्यावर तुझाच भरवसा नाही? मग मी काय समजू?"

डोळे भरून आले, तिशीला टेकलेला घोडा मी.

"तू सांगितलंस ना, बंद आहे?"

"आहे."

"मग शिडी धर," कासिमभाई म्हणाले, साखळी खांद्यावर टाकली आणि चढले.